संशोधन लेखाची संदर्भसूची कशी करावी

एका संशोधन त्रैमासिकाकडे येणारे लेख मी तपासते. लेख हातात आला की आधी शेवटची पानं उघडते, कारण लेखकानं काम कसं केलंय ते तिथे लगेच कळतं. मध्यंतरी एका लेखात ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’मधलं एक वाक्य होतं आणि पुढे नुसता पृष्ठक्रमांक. ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं, तर त्या पानावर भलताच मजकूर. पुस्तक मूळ १८८२ सालचं, स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा संपादित केलं आणि नंतरही ते छापलं गेलं. लेखकानं कोणती प्रत वाचली हे सूचीत कुठेच नव्हतं. अवतरण खरं होतं, मेहनत खरी होती, पण ते पान सापडायला माझी अख्खी दुपार गेली. अनोळखी वाचकाला तुम्ही वाचलेल्या नेमक्या पानापर्यंत नेणं, एवढ्याचसाठी संदर्भ असतो. स्वल्पविराम आणि कंस त्यासाठीच आहेत.

सुरुवात करायची ती नियतकालिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ वाचून. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत बहुधा एपीए शैली (संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत; पुढची नावंही अशाच पद्धतींची) मागतात, भाषा-साहित्यात एमएलए, इतिहासात शिकागोच्या तळटिपा. वैद्यकात व्हँकुव्हर चालते. तिचं नाव १९७८ साली कॅनडातल्या त्या शहरात भरलेल्या वैद्यकीय संपादकांच्या बैठकीवरून पडलं. तिच्यात मजकुरात फक्त क्रमांक येतो आणि सूची अकारविल्हे न लावता उल्लेखाच्या क्रमानं लावतात. शैलीची कितवी आवृत्ती हवी हेही बघा. एपीएच्या सातव्या आवृत्तीनं प्रकाशनस्थळ काढून टाकलं, तरी कॉलेजात फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये ते अजून असतं. मराठी नियतकालिकांना मात्र ते बऱ्याचदा हवं असतं. सूचना अपुऱ्या वाटल्या तर ताज्या अंकातले दोन लेख समोर ठेवा आणि त्यांच्या नोंदी जशा आहेत तशाच आपल्या करा.

खरं काम होतं ते पुस्तक हातात असताना. मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं शीर्षकपान आणि त्यामागचं पान उघडा. लेखक, संपादक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष तिथे मिळतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच राहतो, नव्या आवृत्तीत तो बदललेला असू शकतो आणि पानंही सरकतात. त्या दोन्ही पानांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुस्तक परत मिळेलच याचा भरवसा नाही.

जुन्या मराठी पुस्तकांवर नुसता शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर अंदाजानं एकच साल ठोकू नका, ‘शके १८०४ (१८८२-८३)’ असं दोन्ही लिहा. मासिकांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. ‘वर्ष १२, अंक ३’ यातलं वर्ष म्हणजे मासिकाचं वय, ते खंडक्रमांकाच्या जागी जातं. कॅलेंडरचं साल वेगळं लिहायचं.

आता नोंद. एपीएच्या धर्तीवर वरचं पुस्तक सूचीत असं येईल:

शिंदे, ताराबाई. (१९७५). स्त्रीपुरुष तुलना (स. गं. मालशे, संपा.). प्रकाशकाचं नाव. (मूळ प्रकाशन १८८२)

मजकुरात कंसात ‘शिंदे, १८८२/१९७५’ आणि पुढे पृष्ठक्रमांक. दोन सालं दिसली की लेखन कधीचं आणि वाचलेली प्रत कुठली, दोन्ही कळतं. एपीएचा काटेकोर नियम पाळला तर ‘ताराबाई’चं ‘ता.’ होतं. नियतकालिक मुभा देत असेल तर मराठी सूचीत पूर्ण नाव लिहा, असं मी आग्रहानं सांगते. शिंदे आडनावाचे लेखक पुष्कळ आहेत, आणि हे पुस्तक एका बाईनं लिहिलं हे ‘ता.’मागे दडून जातं. आद्याक्षरंच द्यायची झाली तर काना-मात्रेसकट द्या. विनायकचं ‘वि.’ होतं, ‘व.’ नाही. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत मागतात, पण देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो. एकेरी अवतरणचिन्हं चालतील का, हे संपादकांना सरळ विचारा.

लेख इंग्रजीत असेल तर मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहून लगेच चौकटी कंसात त्याचा अनुवाद द्यावा लागतो. एका लेखकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग पूर्ण लेखात एकच ठेवा. एका ठिकाणी ‘व्ही’ आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’ आलं तर सूचीत एका माणसाची दोन माणसं होतात.

मराठी सूची अकारविल्हे लावताना संगणकावर सोडून देऊ नका. संगणक बऱ्याचदा क्ष ‘क’मध्ये आणि ज्ञ ‘ज’मध्ये घालतो, वर्णमालेत ती अक्षरं आपण शेवटी शिकलेलो असतो. कोणता क्रम घ्यायचा ते ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

तळटिपा देत असाल तर ‘तत्रैव’ (म्हणजे वरच्या टिपेतलंच पुस्तक) अगदी शेवटी घाला. लिहिता लिहिता मधे नवी टीप घुसली की तिच्या खालचं ‘तत्रैव’ मुकाट्यानं दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. ही चूक मला जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. ‘तत्रैव’ऐवजी आडनाव, थोडक्यात शीर्षक आणि पान लिहिलं तर हा धोकाच उरत नाही.

संदर्भ साठवून सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते जरूर वापरा. त्यानं ओढून आणलेली माहिती मात्र एकेक रकाना उघडून तपासा. ‘जोशी राम गणेश’ असं छापलेलं नाव त्यात बऱ्याचदा ‘गणेश’ आडनावाखाली जाऊन बसतं. लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो दुव्याच्या रूपात द्या आणि त्याच्यापुढे पूर्णविराम नको. प्रत्येक दुव्यावर स्वतः टिचकी मारून नेमका तोच लेख उघडतो का ते पाहा. एआयकडून संदर्भ घेतले असतील तर ही तपासणी टाळूच नका. ही साधनं खऱ्या लेखकाच्या नावावर कधीच न लिहिलेला लेख बिनदिक्कत रचून देतात, वर डीओआयसारखा दिसणारा आकडाही जोडतात. जे तुम्ही उघडून वाचलं नाही, ते सूचीत घालू नका. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचलेलं अवतरण असेल तर ‘मधून उद्धृत’ असं स्पष्ट लिहा आणि सूचीत तुम्ही प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तकच द्या.

पाठवण्याआधी लेख छापून घ्या. मजकुरातल्या प्रत्येक संदर्भावर पेन्सिलनं खूण करा आणि सूचीत त्याच नोंदीपुढे तशीच खूण करा. सूचीत खूण न झालेली नोंद राहिली तर ती काढा, मजकुरातला संदर्भ सूचीत नसेल तर घाला. आडनावाचं शुद्धलेखन आणि साल दोन्हीकडे जुळतंय का तेही याच फेरीत बघा. चाळीस नोंदींची सूची असेल तर याला तासभर पुरतो. हे काम एकट्यानं करण्यापेक्षा मैत्रिणीला किंवा मित्राला शेजारी बसवून एकानं मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं खुणा कराव्यात. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते.