नर्सिंगचा बायोडाटा: कोणाकडे जावे आणि काय विचारावे

नोकरीसाठी अर्ज करायचे ठरले की बहुतेक परिचारिका आधी सायबर कॅफे गाठतात, किंवा मैत्रिणीची फाइल व्हॉट्सॲपवर मागवून तिच्यात स्वतःचे नाव घालतात. दोन्ही मार्गांनी मांडणी मिळते, मजकूर मिळत नाही. कारण वॉर्डात तुम्ही काय केले हे टाइप करणाऱ्याला ठाऊक नसते आणि मैत्रिणीचा वॉर्ड हा तुमचा वॉर्ड नसतो. नर्सिंग विभागात आलेल्या अर्जांची छाननी मी बरीच वर्षे केली आहे. इंग्रजी कच्चे म्हणून मागे पडलेले अर्ज त्यात होतेच, पण केलेले काम कागदावर उतरलेच नाही म्हणून मागे पडलेले अर्ज त्याहून कितीतरी अधिक होते. तेव्हा मदत मागायची ती आधी आठवण्यासाठी, आणि लिहिण्यासाठी त्यानंतर.

सांगली जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत सहा वर्षे काढलेली एक सिस्टर मध्यंतरी आपला बायोडाटा दाखवायला घरी आली होती. दोन पानांच्या त्या कागदावर सुरुवातीलाच ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांसोबत मिळून काम करण्याची आवड’ असे होते आणि अनुभवाखाली ‘रुग्णांची काळजी घेणे, औषधे देणे, डॉक्टरांना मदत करणे’ एवढेच. पंधरा दिवसांपूर्वी रुजू झालेल्या मुलीनेही हेच लिहिले असते. मी विचारले, खाटा किती? बारा. व्हेंटिलेटरवर साधारण किती रुग्ण असत? तीन-चार. त्यातले तुझ्या वाट्याला किती? दिवसा दोन, रात्री कधी कधी तीन. मग चहा होईपर्यंत बाकीचेही एकेक निघत गेले: शेवटची दोन वर्षे रात्रपाळीची इनचार्ज तीच होती, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची व साधनांची ढकलगाडी) तपासून सही तीच करत असे, नव्या मुलींना सिरिंज पंप (औषध ठरावीक वेगाने देणारे यंत्र) लावायला तिनेच शिकवले होते. यातले एक अक्षरही कागदावर नव्हते, कारण ‘ते तर रोजचंच आहे, मॅडम’.

आम्ही ते वाक्य असे बदलले: ‘१२ खाटांच्या मेडिकल आयसीयूत ६ वर्षे, प्रत्येक पाळीत व्हेंटिलेटरवरील २ ते ३ रुग्णांची जबाबदारी, आर्टेरियल लाइनमधून एबीजीचा नमुना घेणे, सक्शन, सेंट्रल लाइनची निगा, शेवटची २ वर्षे रात्रपाळीची शिफ्ट इनचार्ज, नव्या परिचारिकांना सिरिंज पंप वापरण्याचे प्रशिक्षण.’ (आर्टेरियल लाइन म्हणजे धमनीत घातलेली नळी, एबीजी म्हणजे धमनीतील रक्तातल्या वायूंची तपासणी, सक्शन म्हणजे श्वासमार्गातला कफ ओढून काढणे, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी.) अर्ज वाचणाऱ्या मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाला, यातून नेमके हवे ते कळते, म्हणजे ही मुलगी पहिल्या आठवड्यात कोणते रुग्ण एकटीने सांभाळू शकेल. विभाग बदलला की विचारायचे प्रश्न बदलतात. ओटीत (शस्त्रक्रियागृहात) असाल तर स्क्रब करत होता (शस्त्रक्रियेत हातात साधने देणे) की सर्क्युलेटिंग (बाहेरून साहित्य पुरवणे), आणि कोणत्या शस्त्रक्रियांना. प्रसूतिकक्षात असाल तर महिन्याला साधारण किती प्रसूती होत, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख) स्वतः भरत होता का, नवजात बाळाचे पुनरुज्जीवन केले आहे का. डायलिसिसमध्ये असाल तर एका पाळीत किती यंत्रे आणि फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीत) सुई घालण्याचा हात बसला आहे का.

हे प्रश्न विचारायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे तुमच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर, कारण तिने तुमचे काम रोज पाहिलेले असते. नोकरी सोडण्याचा विचार तिच्या कानावर जाऊ द्यायचा नसेल, तर त्याच वॉर्डातून पूर्वी बाहेर पडलेली एखादी सीनियर चालेल. ज्या प्रकारच्या रुग्णालयात जायचे आहे तेथे नुकतीच लागलेली ओळखीची परिचारिका मिळाली, तर तिच्याकडून मुलाखतीत कशावर भर दिला गेला ते काढून घ्यावे. भाषा तपासण्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकांकडे जरूर जावे, पण कामाचे शब्द बदलू नयेत असे त्यांना आधीच सांगावे. एका अर्जात ‘इंट्युबेशनसाठी साहाय्य केले’, म्हणजे डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालत असताना मदत केली, हे वाक्य सुटसुटीत करताना ‘इंट्युबेशन केले’ असे झाले होते, आणि मुलाखतीची पहिली दहा मिनिटे त्या एका शब्दाचा खुलासा करण्यात गेली. एआय चॅटबॉटबाबतही हीच सावधगिरी हवी. तुम्ही दिलेल्या माहितीचे इंग्रजी तो नीट करून देतो, पण ‘आयसीयू नर्सचा बायोडाटा लिहून दे’ एवढेच सांगितले तर कधी हात न लावलेली यंत्रेही तुमच्या कौशल्यांत घालून मोकळा होतो.

शिक्षण आणि नोंदणी यांचा भाग छोटा असतो, पण चुका येथेच अधिक सापडतात. जीएनएम (नर्सिंग व मिडवायफरीची पदविका), बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची पदवी), जे असेल ते संस्थेच्या नावासह आणि उत्तीर्ण झाल्याच्या वर्षासह लिहावे; बी.एस्सी. महाराष्ट्रातून झाली असेल तर पदवी कॉलेजची नसून विद्यापीठाची, बहुतेक वेळा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, हे विसरू नये. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत संपण्याची तारीख पहिल्याच पानावर, नावाखाली चटकन दिसेल अशी असावी, आणि भारतीय नर्सिंग परिषदेचा एनयूआयडी (प्रत्येक परिचारिकेचा देशपातळीवरील स्वतंत्र ओळख) क्रमांक मिळालेला असल्यास तोही तेथेच द्यावा. दुसऱ्या राज्यातून शिकून आला असाल तर तेथील एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घेऊन येथे नोंदणी झाली आहे, की अर्ज प्रलंबित आहे, हे स्पष्ट लिहिलेले बरे. बीएलएस किंवा एसीएलएस (हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचारांचे प्राथमिक व प्रगत प्रशिक्षण) केले असेल तर तारखेसह लिहावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोन वर्षेच चालते, त्यामुळे २०१९ चे कार्ड आज दाखवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची आणखी एक हमखास अडचण म्हणजे लग्नानंतरचे नाव. पदविका आणि नोंदणी माहेरच्या नावाने, आधार आणि बँकेचे खाते सासरच्या नावाने, आणि अनुभव प्रमाणपत्रांपैकी एक या नावाने तर दुसरे त्या नावाने, अशी फाइल घेऊन आलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. बायोडाट्यावर नाव नोंदणी प्रमाणपत्रात आहे तसेच लिहावे, खाली एका ओळीत विवाहानंतरचे नाव द्यावे, आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत जोडावी. नोंदणीतच नाव बदलून घेता आले तर सर्वांत उत्तम.

सरकारी भरतीत बायोडाट्याला फारसे महत्त्व नसते, तेथे ठरावीक ऑनलाइन अर्ज आणि परीक्षा असते. तरीही वर सांगितलेला खाटांचा हिशेब तेथेही कामी येतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला जीएनएम उमेदवाराकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि खाटांची संख्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करण्यासाठी धावपळ होते. म्हणून नोकरी सोडताना एचआरकडून अनुभव प्रमाणपत्र घ्याल तेव्हा त्यात पद, विभाग, रुजू झाल्याची व सोडल्याची पूर्ण तारीख आणि एकूण खाटा यांचा उल्लेख आहे ना, हे काउंटरवरून हलण्यापूर्वीच वाचून पाहावे. नंतर दुरुस्तीसाठी चकरा मारणे किती त्रासाचे असते, ते मी स्वतः भोगले आहे.

नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलींनी अनुभव नाही म्हणून पान रिकामे ठेवू नये आणि इंटर्नशिपला नोकरीचा अनुभवही म्हणू नये. त्यांनी आपल्या ट्यूटरकडे जाऊन मिडवायफरी केसबुक (प्रसूतींच्या नोंदींची वही) आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या समोर ठेवाव्यात. कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग होते, किती प्रसूती स्वतः केल्या आणि किती पाहिल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी काय काम केले, हे सगळे त्यात तारखेसह सापडते. स्वतः केलेले आणि केवळ पाहिलेले यांत फरक करून लिहिणाऱ्या मुलीवर वाचणाऱ्याचा विश्वास लगेच बसतो.

बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण किंवा परीक्षेची तयारी यामुळे मध्ये खंड पडला असेल तर तो एका ओळीत, महिने देऊन सांगावा. तारखा ताणून तो झाकू नये. कोविडच्या काळात तात्पुरत्या केंद्रांत केलेली ड्यूटी अनेकजणी सोडून देतात. तिचे आदेशपत्र किंवा प्रमाणपत्र असेल तर ती अवश्य लिहावी.

आखातात जायचे असेल तर बायोडाट्यातील प्रत्येक तारीख प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळली पाहिजे, कारण तेथील परवान्यासाठी डेटाफ्लो ही संस्था कॉलेज, कौन्सिल आणि जुन्या रुग्णालयाशी थेट संपर्क साधून पडताळणी करते, आणि एका महिन्याच्या तफावतीनेही प्रकरण अडकू शकते. एजंटने अनुभव ‘थोडा वाढवून’ लिहायला सुचवले तर तेथूनच परत फिरावे, आणि तो एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे की नाही हे आधी तपासावे.

शेवटी पाठवण्याबद्दल थोडेसे. अनुभव पाच-सात वर्षांपर्यंत असेल तर दोन पाने पुरतात. अलीकडची नोकरी वर आणि जुनी खाली असावी. आधार क्रमांक, जात, धर्म, पतीचा व्यवसाय यांपैकी काहीही खासगी रुग्णालयाच्या बायोडाट्यात लागत नाही, आणि कोणत्याही रुग्णाचे नाव तर कधीच येऊ नये. संदर्भासाठी ज्या दोघांची नावे द्याल त्यांना आधी विचारावे, नाहीतर फोन गेल्यावर ‘कोण म्हणालात?’ असे उत्तर मिळते. फाइल पीडीएफमध्ये, स्वतःचे नाव आणि विभाग देऊन जतन करावी. मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रे दाखवायला न्यावीत, पण ठेवायला कोणालाही देऊ नयेत. ‘रुजू होईपर्यंत आमच्याकडे राहू द्या’ असे कोणी म्हटले, तर झेरॉक्स प्रतींवर सही करून त्या द्याव्यात आणि मूळ कागद त्याच पिशवीतून घरी आणावेत.