ऑफिसची नवी मांडणी करताय? या चुका टाळा

भिंती पाडल्या की माणसं आपोआप बोलू लागतात, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. 2018 साली ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांचा एक अभ्यास छापून आला. खुल्या हॉलमध्ये गेलेल्या दोन मोठ्या कंपन्यांतल्या लोकांच्या गळ्यात त्यांनी सेन्सरचे बिल्ले अडकवले होते. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले.

आम्हीही हौसेने केबिनी काढल्या होत्या. आठवडाभरात निम्म्या हॉलच्या कानात हेडफोन! "अरे, जरा बघ ना" म्हणावं तर वीस माना वर होणार. मग दोन हातांवर बसलेल्यालाच चॅटवर "आहेस का?" असं विचारायचं. तुमच्याकडे शेजारी शेजाऱ्याला असे मेसेज टाकत असतील, तर दार लागणाऱ्या दोन-तीन छोट्या खोल्या करा. त्यांना बुकिंग मात्र लावू नका, नाहीतर त्या साहेबांच्या मीटिंगांतच अडकतात.

"लिफ्ट आहे की" म्हणून टीम दोन मजल्यांवर वाटणं, ही दुसरी चूक. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकातच दाखवलं होतं की, टेबलांमधलं अंतर वाढलं की इंजिनिअरांचं कामाचं बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि साधारण 50 मीटरच्या पुढे ते फारसं उरतच नाही. आमचं परचेस दुसऱ्या मजल्यावर, अकाउंट्स चौथ्यावर. "हे चलन कुठल्या पीओचं (खरेदीच्या ऑर्डरचं)?" एवढ्यासाठी मेल, त्याला उत्तर दुसऱ्या दिवशी, आणि सीसीत तीन साहेब. ज्यांना दिवसातून चारदा एकमेकांची गरज पडते, त्यांना एका मजल्यावर आणा. बाकीच्यांचं चालून जातं.

राहिला चहा. ॲनिमेशन सिनेमे करणाऱ्या पिक्सारच्या अमेरिकेतल्या एमरीव्हिलमधल्या इमारतीत लोकांची गाठ पडावी म्हणून स्टीव्ह जॉब्जना सगळी स्वच्छतागृहं मधल्या हॉलमध्येच हवी होती. लोक कुरकुरले, तेव्हा त्यांना थोडं नमतं घ्यावं लागलं. इतकं ताणायची गरज नाही, पण चहाचं मशीन साहेबांच्या केबिनसमोर नको. तिथे कोण थांबणार? कप भरला की जो तो जागेवर. आम्ही ते जिन्यापाशी हलवलं आणि टेकायला कमरेइतका कट्टा केला. परचेसवाले आता चलनाचा कागद हातात घेऊनच चहाला येतात.