पोटातल्या पाण्यात संसर्ग नाही, हे मॉडेलकडून वदवून घेताना

सिरोसिसचा (यकृत निबर होण्याचा आजार), पोटात पाणी साठलेला रुग्ण भरती झाला की पाणी काढून तपासायचं, हा नियम. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त निघाले, तर एसबीपी, म्हणजे पोटातल्या पाण्याला आपोआप झालेला जिवाणूसंसर्ग, धरून उपचार सुरू. पण रात्री टॅप, म्हणजे सुईने पाणी काढणं, रेंगाळतो. कुणाचा आधी करायचा हे ठरवायला रक्ततपासण्यांवर शिकवलेलं संगणकी मॉडेल कामी येतं.

लेबल, म्हणजे प्रत्येक टॅपपुढे 'संसर्ग आहे' की 'नाही' हे उत्तर, न्यूट्रोफिलच्या काउंटवरून लावा. डिस्चार्जच्या वेळी लिहिलेल्या आजाराच्या कोडवर विसंबू नका, नुसत्या कल्चरवरही (पाण्यातले जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी) नको. काउंट वाढलेला असूनही कल्चर कितीदा तरी निगेटिव्ह येतं. टॅप रक्ताळलेला असेल तर दर २५० तांबड्या पेशींमागे १ न्यूट्रोफिल वजा करा. आतडं फुटल्याच्या केसेस वगळा, तो आजारच वेगळा.

मॉडेलला द्यायचे रकाने टॅपच्या आधीचेच घ्या: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, सोडियम, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप), ताप, नाडी. 'सेफोटॅक्झिम (एसबीपीवरचं अँटिबायोटिक) सुरू' हा रकाना चुकून आत राहिला, तर मॉडेल डॉक्टरच्या मनातली शंका ओळखायला शिकतं आणि आकडे दृष्ट लागण्यासारखे दिसतात. सीआरपीचंही (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) तसंच. शंका आली तरच तो मागवतात, त्यामुळे रिकामी जागासुद्धा काहीतरी सांगत असते.

एकाच रुग्णाचे पाच-सहा टॅप असतात. विभागणी रुग्णानुसार करा, टॅपनुसार नको. शेवटचं वर्ष चाचणीसाठी बाजूला ठेवा.

मॉडेल संसर्गाची शक्यता आकड्यात देतं; कितीच्या खाली 'नाही' म्हणायचं, त्या उंबरठ्यात खरी मेख आहे. समजा १००० टॅपमध्ये १२० संसर्गाचे. सगळ्यांना डोळे मिटून 'नाही' म्हटलं तरी ८८ टक्के बरोबर! म्हणून अचूकता बघूच नका. किती सुटले ते मोजा. उंबरठा इतका खाली आणा की १२० पैकी ३च सुटतील. मग 'नाही' म्हटलेले १७९च उरले, तर त्यांतले १७६ खरे, म्हणजे ९८.३ टक्के. एवढ्याशा लोकांसाठी खटाटोप कशाला, असं वाटेल. पण उंबरठा वर नेलात की सुटणारे वाढतात. आणि ६० जणांत एकही सुटला नाही म्हणून हुरळू नका, खरा दर ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

उंबरठा प्रशिक्षणाच्याच डेटावर ठरवा, चाचणीच्या नाही. दुसऱ्या रुग्णालयात संसर्गाचं प्रमाण वेगळं असतं, तिथे हिशेब पुन्हा मांडा.

पोट दुखतंय, ताप आहे, रुग्ण बरळतोय किंवा क्रिएटिनिन चढतंय, तर मॉडेल काहीही म्हणो, टॅप करा. आयएनआर वाढलाय म्हणून तो टाळू नका.