आखातातून गोव्यात परतताय? नववी ते बारावीतल्या मुलांबाबत या चुका टाळा

‘परत चाललोय’ हे शब्द आईबाबांचे. दुबईत किंवा दोह्यात बालवाडीपासून वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ‘परत’ यायला गोव्यात काही ठेवलेलंच नसतं. ती घर सोडून निघालेली असते. घरात एकाच तिकिटावर दोन उलट दिशांचे प्रवास चाललेत हे लक्षात आलं नाही, की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होतात.

सुट्टीतल्या गोव्यावर विसंबणं

मुलांनी पाहिलेला गोवा चवथीचा, म्हणजे गणपतीचा, आणि मे महिन्याचा. गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी, आंबे, घरभर चुलत भावंडं, काका रोज कुठेतरी फिरवून आणणार. त्यात मूल पाहुणं असतं आणि त्याचे लाड होतात. ‘तुला तर गोवा आवडतो’ हा युक्तिवाद याच आधारावर केला जातो, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो तोंडावर आपटतो. भावंडं आपापल्या शाळेत असतात, काका कामावर, आणि बाहेर सलग चौथा दिवस पाऊस.

शक्य असेल तर कायमचं येण्याच्या आदल्या वर्षी जुलैत दहा-बारा दिवस आणा. शाळा चालू असताना ती आतून दाखवा. नातेवाइकांच्या गाडीतून न नेता एकदा म्हापसा ते पणजी बसने न्या, एक दिवस वीज नसताना घरात बसू द्या. मुलाचा उत्साह थोडा मावळेल. तो इथे येऊन पडल्यावर मावळण्यापेक्षा आधी मावळलेला बरा.

‘एक वर्ष बघूया, नाही जमलं तर परत जाऊ’ असं खोटं सांगू नका. व्हिसा रद्द झालाय हे मुलाला कळतंच. मग मूल ते एक वर्ष सामान न उघडता काढतं. निर्णय पक्का झाल्यापासून निदान सहा महिने हातात राहतील अशा बेताने सांगा. देश बदलण्यावर त्याचं मत चालणार नसेल, तर जिथे चालेल अशा दोन गोष्टी खरोखर त्याच्यावर सोपवा: कुठली खोली, आणि शाळांच्या यादीतली कुठली शाळा.

वर्षाच्या मधोमध उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नववी-दहावी ही एक जोडी आणि अकरावी-बारावी दुसरी. बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. त्यामुळे आठवी संपल्यावर किंवा दहावी संपल्यावर येणं सोयीचं. आखातातल्या सीबीएसई शाळेतून इथल्या सीबीएसई शाळेत थेट दहावीत किंवा बारावीत येता येतं, पण पालकांची बदली किंवा स्थलांतर यासारखं कारण कागदोपत्री दाखवावं लागतं आणि विषय तेच असावे लागतात. तिथे घेतलेला विषय नव्या शाळेत शिकवतच नसतील तर गाडी तिथेच अडते. म्हणून आधी विषयांची यादी जुळवा, फीची चौकशी नंतर.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचं गणित वेगळं. त्यांचं वर्ष जूनच्या अखेरीस किंवा जुलैत संपतं. गोव्यात २०२५ पासून माध्यमिक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलेत. म्हणजे जुलैत आलेल्या मुलाचा एप्रिल आणि जून बुडालेला असतो, आणि पहिली चाचणी दारात उभी असते. त्यातून आयजीसीएसईच्या (ब्रिटिश अभ्यासक्रमातली दहावीच्या बरोबरीची परीक्षा) मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तर इथले अकरावीचे प्रवेश मे-जूनमध्ये उरकलेले असतात. उपाय दोन. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा द्यायची. तिचा निकाल जानेवारीत येतो. नाहीतर जुन्या शाळेकडून अपेक्षित श्रेणींचं पत्र आधीच घेऊन ठेवायचं आणि हायर सेकंडरीच्या प्राचार्यांना मार्चमध्येच भेटून तात्पुरत्या प्रवेशाचं विचारायचं. आयजीसीएसई दहावीला समकक्ष धरण्यासाठी भारतीय विश्वविद्यालय संघ किमान पाच विषयांत ‘सी’ किंवा वरची श्रेणी पाहतो. चारच विषय चांगले आणि पाचवा ‘डी’, अशी मुलं इथेच अडकतात.

कागद ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून ठेवणं

शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित करण्याचा क्रम असा: त्या देशाचं शिक्षण खातं, मग परराष्ट्र खातं, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. अमिरात, कुवेत आणि कतार यांना हाच लांबचा रस्ता आहे. ओमान, बहारीन, सौदी, ब्रिटन आणि पोर्तुगाल हे देश एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या हेग करारात असल्यामुळे तिथल्या कागदांना अपोस्टिल हा एकच शिक्का पुरतो. पर्वरीत बसून दुबईतला शिक्का मिळवायचा म्हणजे दलाल, कुरिअर आणि महिनाभराची वाट. दाखला, शेवटच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद विमानात बसण्याआधी हातात हवी.

नावाचं स्पेलिंग हा तर खास गोव्याचा घोळ. एकाच घरात आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर ‘नायक’ एका तऱ्हेने, वडिलांच्या पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने. गावकरांची तर तीन-चार स्पेलिंगं सहज सापडतात. आखातातल्या शाळा कधी वडिलांचं पूर्ण नाव मुलाच्या नावामागे लावतात, कधी आडनाव गाळतात. नववीत बोर्डाकडे जे नाव जातं तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून येतं, आणि पुढे जन्मभर तेच दाखवावं लागतं. त्यामुळे पासपोर्ट, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती जुन्या शाळेत असतानाच सोपी.

भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला इथे पोचल्यावर लगेच आधारसाठी अर्ज करता येतो. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. मूल लहान असताना आधार काढलं असेल तर पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यायचे असतात. हे बहुतेकजण विसरतात आणि प्रवेश परीक्षेच्या अर्जाच्या वेळी धावपळ करतात.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट आलेला असेल आणि मूल ओसीआय कार्डावर असेल तर एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: ४ मार्च २०२१. त्या दिवशीच्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थ्यांना वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या (एनआरआय) किंवा अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येवरच्या जादा जागांवरच हक्क उरला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं, की ही अट त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू. म्हणून डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत कार्डावरची तारीख आधी पाहा, शिकवणीचा क्लास मागाहून. भारतीय नागरिक असलेल्या मुलालाही राज्य कोट्यासाठी गोव्यातलं वास्तव्य आणि शिक्षण यांच्या अटी असतात. तंत्रशिक्षण संचालनालयाची गेल्या वर्षीची माहितीपुस्तिका अकरावीचा प्रवेश घेण्याआधी वाचा, बारावीच्या निकालानंतर नव्हे.

‘हुशार आहे, सांभाळून घेईल’

आयजीसीएसईचं मूल आलेख आणि सदिश यांत पुढे असतं. मात्र त्रिकोणमितीतली नित्यसमानता सिद्ध करणं, भूमितीतलं प्रमेय पायरीपायरीने लिहिणं याची त्याला सवय नसते. त्याच्या हातातला कॅल्क्युलेटरही जातो, कारण सीबीएसईच्या गणिताच्या परीक्षेत तो चालत नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्रात लॉग टेबल समोर येतं. तिथल्या पेपरात उत्तरासाठी आखलेली जागा असते. इथे कोरी उत्तरपत्रिका आणि तीन तास. पहिल्या सहामाहीत गुण घसरतात ते बहुधा इथे: येत असलेलंही लिहून संपत नाही.

येण्याआधी आठ-दहा आठवडे रोज एक तास एनसीईआरटीचं आधी नववीचं, मग दहावीचं गणित सोडवून घ्या, कॅल्क्युलेटर खणात ठेवून. शेवटच्या महिन्यात दर शनिवारी एक पूर्ण तीन तासांचा पेपर पेनने. मनगट दुखेल, दुखू द्या. इथे आल्या आल्या तीन-तीन ट्यूशन लावणं मात्र टाळा. संध्याकाळी मैदानावर गेलं तरच ओळखी होतात, आणि ट्यूशन नेमकी तीच वेळ खाते.

‘घरी मराठीच बोलतो ना!’

बोलतो, पण वाचत नाही. आणि गोव्यातल्या वर्गात बोलायचं एवढ्यावरही भागत नाही: टीचर इंग्रजीतून शिकवणार, मधल्या सुट्टीत सगळे कोकणीत, घरी मराठी, तिसऱ्या भाषेच्या तासाला देवनागरीत निबंध. मुलाचं मराठी आजीकडून आलेलं असतं, त्यामुळे त्याला ‘पाटावर बस’ कळतं आणि ‘खालील उताऱ्याचा सारांश लिहा’ कळत नाही.

चूक होते ती पहिलीचं पुस्तक आणून देण्यात. चौदा वर्षांच्या मुलाला ‘कमळ बघ’ वाचायला लावलं की तो लिपीवरच डूख धरतो. त्याऐवजी बसच्या पाट्या, दुकानांची नावं, वर्तमानपत्रातलं खेळाचं पान. नाव आधीच ओळखीचं असल्यामुळे अक्षर उलगडतं. रोज वीस मिनिटं. सुट्या अक्षरांवर मुलं फार अडत नाहीत. अडतात ती र च्या रूपांवर: ‘पर्वरी’तला वरचा रफार, ‘प्रवेश’मधली तिरकी रेघ, ‘राष्ट्र’खालचा उलटा व्ही. आठवडाभर नुसता हा र घ्या. कोकणी शिकवायला जाऊ नका; ती फुटबॉलच्या मैदानावर दोन महिन्यांत येते. तिथे उच्चारावरून हसतात तेव्हा घरच्यांनीही हसू नये, एवढं पाळलं तरी पुरे.

स्कूटरची लाच

दुबईत मेट्रोने एकटं फिरणारं मूल फोंड्याजवळच्या वाड्यावर येतं आणि संध्याकाळी आठनंतर बस नाही म्हणून अडकतं. आपल्याला वाटतं गावात मोकळीक जास्त. त्याला ती कमी झालेली असते. मग ‘स्कूटर घेऊन देतो’ हे आमिष. अठराच्या आत गिअर नसलेल्या स्कूटरला परवाना सोळाव्या वर्षी मिळतो खरा, पण ५० सीसीपर्यंतच्याच. बाजारातली नेहमीची ११० किंवा १२५ सीसीची त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातात ती सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

त्यापेक्षा कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा सवलतीचा पास काढा आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन मार्ग त्याच्याबरोबर बसने करा. पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) कुठे हात दाखवायचा आणि भाडं बसण्याआधी ठरवायचं हेही दाखवा. रात्री उशिरा आणायला येण्याचे आठवड्यातले दोन वार ठरवून टाका आणि ते मोडू नका.

खोलीचंही थोडं: आखातातलं २३० व्होल्टचं सामान इथे चालतं, फक्त चौकोनी तीन पिनांचा प्लग बदलावा लागतो. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, नाहीतर श्रावणापर्यंत आवडत्या चामडी बुटांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या किडे थांबवतात, ओल नाही.

तरीही बिघडलंच तर

मूल रात्री दोनपर्यंत जागं, सकाळी शाळेला उठत नाही. मोबाईल काढून घेण्याआधी घड्याळ पाहा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कतार-कुवेत अडीच तास. तिकडचे मित्र साडेदहाला गेम सुरू करतात तेव्हा इथे बारा वाजलेले असतात. भेटीची वेळ अलीकडे ओढायला मुलालाच मित्रांशी बोलू द्या. अमिरातीत २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार, कतार-कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार. शनिवार दोन्हीकडे बसतो. गोव्यात संध्याकाळी पाच ते सात ठरवलं तर रात्रीची झोप वाचते.

वर्गात गप्प राहणं पहिले सहा-आठ आठवडे चालतं. त्यानंतरही एकाही मुलाचं नाव घरी ऐकू येत नसेल तर वर्गशिक्षिकेला भेटा आणि नेमकं विचारा: मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतो? ‘अभ्यासात ठीक आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांची वेळ घ्या.

जेवण सुटणं, दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणं, अंगावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसलेलाच बरा’ असली भाषा, यांत वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे नेताना ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आजीआजोबांपासून लपवायचं की नाही, हे मुलालाच विचारा.