जुनी मराठी फाइल गिचमिड दिसतेय? हरवलेला फॉन्ट असा परत मिळवा

कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला, सोसायटीचं जुनं इतिवृत्त उघडलं आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, की वाटतं फाइलच गेली. बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते, गेलेला असतो तो फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारखे युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवतात. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फॉन्ट नसला की हीच पाच अक्षरं उघडी पडतात.

म्हणून अशी फाइल सगळी सिलेक्ट करून मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये बदलू नका, आणि बदललीच तर सेव्ह तरी करू नका. मजकूर मराठी होत नाहीच, वर मूळ फॉन्ट कोणता आणि खरं इंग्रजी कुठलं ही खूणही पुसली जाते. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

आता नाव काढा. वर्डमध्ये गिचमिड ओळीवर क्लिक केलं, की वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसतं, फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरीही. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा टॅब पाहा. नाव आकड्यासकट टिपून घ्या, ‘कृतिदेव’ एवढंच पुरत नाही.

मग शोध. विंडोज नव्याने टाकताना डिस्क पुसली नसेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर असतो. त्यातल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स हा फोल्डर पाहा. अपग्रेडनंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ साधारण 10 दिवसांत आपोआप उडतो, तेव्हा हे काम पहिलं. एकाच युजरसाठी टाकलेले फॉन्ट मात्र तिथे सापडत नाहीत. ते ‘विंडोज डॉट ओल्ड’मधल्याच युजर्स फोल्डरात त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेने गेल्यावर फॉन्ट्समध्ये असतात, आणि ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून आधी व्ह्यूमधून लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. जुन्या सीडी आणि पेन ड्राइव्हही धुंडाळा.

कुठेच नसेल तर डिलीट झालेल्या फाइली परत काढणारं फोटोरेक वापरता येतं. नाव फोटोचं असलं तरी ते टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या फाइलीही शोधतं. ते पेन ड्राइव्हवरून चालवा आणि सापडलेल्या फाइलीही दुसऱ्याच ड्राइव्हवर उतरवा, नाहीतर हवी ती फाइलच त्यांच्याखाली दबेल. फाइलींची मूळ नावं परत येत नाहीत, नुसते आकडे येतात. डबल क्लिक करून पाहिलं की खिडकीत फॉन्टचं खरं नाव वाचता येतं. एसएसडी असेल तर फार आशा धरू नका: पुसलेली जागा ती स्वतःच लवकर रिकामी करते.

फाइल मिळाली, पण विंडोज ‘हा योग्य फॉन्ट नाही’ म्हणते? आधी आकार पाहा. शून्य केबी असेल तर दुसरी प्रत शोधणं एवढंच हाती आहे. आकार असेल तर एचएक्सडीसारख्या, फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडा. टीटीएफची सुरुवात 00 01 00 00 या चार बाइटांनी होते. पुढे शून्यांच्याच रांगा दिसल्या तर त्या जागचा मजकूर गेलेला आहे. किरकोळ बिघाड असेल तर फॉन्टफोर्ज हे फॉन्ट दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर ती फाइल अनेकदा उघडतं. तिथे एलिमेंट मेनूतल्या व्हॅलिडेशनने दोष पाहा आणि फाइल मेनूतल्या जनरेट फॉन्ट्सने नवी टीटीएफ काढा. एन्कोडिंगला (कुठलं अक्षर कुठल्या जागेवर, या मांडणीला) हात लावू नका आणि फॉन्टचं नाव बदलू नका; जुन्या फाइली त्याच नावाने आणि त्याच जागांवर अक्षरं शोधणार आहेत.

टाकताना राइट क्लिक करून ‘सर्व युजरसाठी इन्स्टॉल’ निवडा. नुसतं इन्स्टॉल केलेला फॉन्ट पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरला बरेचदा दिसत नाही. फॉन्ट पेन ड्राइव्हवरून शॉर्टकट म्हणूनही टाकू नका. पेन ड्राइव्ह काढला की फॉन्ट गायब!

फाइल धड असूनही अक्षरांच्या जागी चौकटीच दिसत असतील तर कॅश, म्हणजे विंडोजने फॉन्टची माहिती साठवलेली फाइल, बिघडलेली असू शकते. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस’ थांबवा, विंडोज फोल्डरातल्या सिस्टम 32 मधली ‘एफएनटीकॅश डॉट डॅट’ ही फाइल काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ती पुन्हा आपोआप तयार होते. मंगलच दिसत नसेल तर तो विंडोज 10 पासून वेगळा टाकावा लागतो: सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट निवडा.

मजकूर नीट दिसू लागला की त्याच दिवशी पीडीएफ करा, मग युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरक त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकात घातला तर तो आणखी विस्कटतो. नंतर पीडीएफ शेजारी ठेवून पहिली वेलांटी आणि रफार ताडून पाहा. कृतिदेवमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. हिंदीसाठी केलेल्या रूपांतरकात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हेही घसरतात. तेवढे शब्द शोधून हातानेच दुरुस्त करा.