कुत्र्याच्या घशाचा आणि श्वासनलिकेचा एक्सरे काढताना

मे लागला की आमच्या दादरच्या क्लिनिकमध्ये रोज एखादा तरी पग नाहीतर पॉमेरेनियन धापा टाकत येतोच, हवेत एवढा दमटपणा असतो की बिचाऱ्यांना जीभ बाहेर काढूनही गारवा मिळत नाही, आणि घरचे लगेच म्हणतात डॉक्टर एक्सरे काढू या. काढू या, पण आधी जीभ आणि हिरड्या बघा. निळसर दिसल्या तर एक्सरेचं नावही काढू नका, ऑक्सिजन द्या, अंग तापलेलं असेल तर पाणी मारून पंख्याखाली ठेवा, शांत झाला की मग टेबलावर घ्या. आणि अशा कुत्र्याला उताणं झोपवायचं नाही, एका कुशीवरचा फोटो बास होतो.

पट्टा, हार्नेस आधी काढा. उजव्या कुशीवर झोपवायचं, पुढचे पाय मागे ओढायचे म्हणजे खांदे मानेवर येत नाहीत, आणि फोटोत नाकाच्या मागच्या भागापासून छातीच्या तोंडापर्यंत, म्हणजे मान छातीत शिरते तिथपर्यंत, सगळं यायला हवं. छातीचा वेगळा काढा, तेव्हा पाय पुढे. मान सरळ, सहज ठेवा, इथेच सगळा खेळ आहे. मान जास्त ताणली तर श्वासनलिका छातीच्या तोंडाशी अरुंद दिसते आणि वाकवली तर ती छातीत वर उचलली जाते, मग गाठ असल्याचा भास होतो. मी सुरुवातीच्या वर्षांत ताणलेल्या मानेचा फोटो बघून एका पॉमला नळी बसलीय, म्हणजे श्वासनलिका चपटी होऊन मिटलीय, असं सांगितलं होतं, दुसऱ्यांदा नीट काढला तर नळी ठीक होती, त्या घरच्यांची रात्रीची झोप मी उगाच घालवली याचं अजून वाईट वाटतं. डोकं तिरकं होऊ नये म्हणून तोंडाखाली फोमचा तुकडा ठेवा. वाळूची पिशवी मानेवर मात्र कधीच नाही.

नळी बसण्याचा संशय असेल तर दोन फोटो हवेत, एक श्वास घेताना आणि एक सोडताना. घेताना आत ओढ बसते म्हणून मानेतला भाग चिमटतो, सोडताना किंवा खोकताना छातीतला दाब वाढतो म्हणून छातीतला भाग. एकच फोटो काढून "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवू नका, ऐन क्षणी नळी उघडी असेल तर आजार दिसणारच नाही. अन्ननलिका वरून आडवी गेली तरी नळी अरुंद वाटते, तेही लक्षात ठेवा.

बुलडॉगमध्ये नळी जन्मतःच बारीक असू शकते. छातीच्या तोंडाशी, पहिल्या बरगडीजवळ, मणक्याच्या खालच्या कडेपासून छातीच्या हाडापर्यंतचं अंतर मोजा, तिथेच नळीची आतली रुंदी मोजा आणि रुंदीला त्या अंतराने भागा. लांब तोंडाच्या कुत्र्यात साधारण ०.२०, चपट्या तोंडाच्यांत ०.१६ च्या आसपास, बुलडॉगमध्ये ०.१२ च्या आसपास येतं. पगच्या फोटोत मऊ टाळू जाड आणि लांब, स्वरयंत्राच्या झाकणावर आलेली दिसते, फक्त गिळत असताना काढला तर सगळंच सरकलेलं येतं, म्हणून परत काढा.

झोपेचं इंजेक्शन लागलंच तर कमी डोस, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारून हलायचं नाही, कारण चपट्या तोंडाच्यांचा घसा सैल पडून बंद होतो. भुलीची ट्यूब श्वासनलिकेत घालण्याआधीच फोटो काढा, नंतर ती आधार देते आणि बसलेला भाग दिसतच नाही.

म्हातारा लॅब्रॅडॉर, आवाज बसलेला, जिना चढताना घरघर, अशा वेळी स्वरयंत्राचा लकवा एक्सरेत ठरत नाही, हलक्या भुलीत दुर्बिणीने बघावं लागतं. तरी छातीचा काढाच, न्यूमोनिया आणि फुगलेली अन्ननलिका त्यातच सापडते.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलने फोटो पाठवू नका, सेंटरकडून मूळ फाइल मागून घ्या, मोबाईलच्या फोटोतली अस्पष्टता नळीची कड खाऊन टाकते.