वेसावे ते उत्तन : कोळीवाड्यांतून दोन दिवस पायी कसं जावं

मुंबईतल्या वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे मढ दिसतं. फेरीबोट काही मिनिटांत तिकडे सोडते. तेच गाडीनं जायचं म्हटलं तर मालाड, मार्वे रोड असा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. या छोट्याशा खाडीमुळे मढ, एरंगळ, अक्सा, मार्वे, मनोरी, गोराई आणि उत्तन ही गावं अजून पुष्कळशी गावंच राहिली आहेत. चार मित्रमैत्रिणी जमवून दोन दिवसांच्या सुट्टीत ती पायी जोडता येतात. आम्ही हे अनेकदा केलं आहे. कसं करायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम : तारीख समुद्राला विचारा

बहुतेक जण आधी सुट्टी बघतात आणि मग निघतात. आमचंही पहिल्या खेपेला तसंच झालं. कार्तिकी पौर्णिमा, सगळ्यांना सुट्टी, हवा छान. साडेअकराच्या सुमारास पाणी पायाशी आलं, पुढचं खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग, बुडालं, आणि ज्या वाळूवरून आलो होतो तीही हळूहळू दिसेनाशी झाली. दगडांवर चढून, झुडपांतून वाट काढत रस्त्याला लागेपर्यंत तास गेला. एकीचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापला.

चूक साधी होती. पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ऐन चालायच्या वेळी. शिवाय ती उधाणाची भरती, पाणी सर्वांत वर चढणारी. आपल्या सणांच्या सुट्ट्या नेमक्या याच तिथींना येतात : दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला, होळी पौर्णिमेला. किनाऱ्यानं चालायला हे दिवस वाईट.

जुन्या माणसांचा हिशेब असा आहे : तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत तीच.

आता उलटा हिशेब करा. आपल्याला ओहोटी हवी सकाळी साडेदहा-अकराला, म्हणजे आठ-साडेआठपासून दुपारी एकपर्यंत वाळू मोकळी मिळेल. त्यासाठी भरती पहाटे साडेचारला हवी. ती षष्ठीला येते. सप्तमीला ओहोटी साडेअकराला, तेही चालतं. म्हणून शनिवारी षष्ठी आणि रविवारी सप्तमी अशी जोडी कॅलेंडरवर शोधा. पंचमी-षष्ठी किंवा सप्तमी-अष्टमी मिळाली तरी बिघडत नाही. या तिथी महिन्यातून दोनदा येतात. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आणि माघातली रथसप्तमी तर ऐन चालण्याच्या हंगामात पडतात.

या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते : पाणी फार वर चढत नाही आणि त्याला ओढही कमी असते. इथली मासेमारी पुष्कळशी डोलीवर चालते. डोल म्हणजे पाण्याच्या वाहत्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याला ओढ कमी, तर डोलीत मासळीही कमी. त्यामुळे भांगाच्या दिवसांत माणसं किनाऱ्यावर जाळी शिवताना भेटतात, त्यांना बोलायला सवड असते.

पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता वापरा. तारीख ठरली की मुंबईच्या, म्हणजे अपोलो बंदराच्या, भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघून कागदावर लिहून घ्या. भांगाच्या दिवसांत हिशेब आणि तक्ता यांत तासाभराचा फरक पडू शकतो. चालताना तक्ता खरा धरा.

महिना कोणता, हे सोपं आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून वाळू तापते. पावसाळ्यात तर हा विचारच नको. समुद्र खवळलेला असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुग्यासारखे दिसणारे, डंख मारणारे ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात.

सोबत कोण, सोबत काय

चार ते सहा जण ठीक. त्याहून जास्त झाले की कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत आपली मिरवणूक होते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट माहीत असणाऱ्यानं मागे राहावं. आमच्या गटात हे ठरल्यापासून कुणी मागे पडलेलं नाही.

पायात मागून पट्टा असलेली जाड तळव्याची सँडल हवी. चपला ओल्या वाळूत निसटतात आणि बूट एकदा भिजले की दिवसभर भिजलेलेच राहतात. खडपांवर अनवाणी जाऊ नका, शेवाळ निसरडं असतं आणि कालवांची धार ब्लेडसारखी. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, कोकम सरबताची एक बाटली, जखमेसाठी पट्ट्या, फेरीबोटीसाठी सुट्टे पैसे, आणि आपला कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. एवढं पुरे.

पहिला दिवस : वेसावे ते मनोरी

सातला मेट्रोच्या वर्सोवा स्थानकावर भेटा, तिथून धक्क्यापर्यंत रिक्षा. साडेसातच्या सुमारास खाडी ओलांडलेली असावी. मढच्या धक्क्यावर उतरताच वास येतो तो वाळत्या बोंबलांचा. बांबूच्या उंच मांडवांना, म्हणजे वलांडींना, दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्यांवर बोंबील टांगलेले असतात. जवळ जाऊन बघा : दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकलेली असते. गाठ नाही, खिळा नाही. वाऱ्यात हजारो जोड्या एकाच बाजूला कलतात, तेव्हा ते दृश्य बघत राहावंसं वाटतं.

इथेच एक गोष्ट गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वाळूवर पसरलेलं जाळं ओलांडायचं नाही, बाजूनं जायचं. होडीवर चढून फोटो काढायचे नाहीत. वाळवण म्हणजे त्या घराची कमाई, त्याला हात लावायचा नाही. माणसांचा फोटो हवा असेल तर आधी विचारा : ‘मावशी, काढू का?’ एवढं पुरतं. नाही म्हणाल्या तर विषय संपला. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरू नका. आपल्याला तो समुद्रकिनारा, त्यांना ते अंगण आणि कामाची जागा.

गावातून वाट काढत समुद्राकडच्या बाजूला गेलं की मढचा किल्ला लागतो, वेसाव्याचा किल्लाही यालाच म्हणतात. पोर्तुगिजांनी बांधलेला, १७३९ मध्ये साष्टीच्या, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटाच्या, मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, तेव्हा बाहेरून बघा. शेजारी किल्लेश्वराचं देऊळ आहे, तिथे पाच मिनिटं टेका.

मग उत्तरेकडे. या सगळ्या वाटेला एकच नियम : वाळू आहे तोवर वाळूवरून, खडप किंवा कुंपण आडवं आलं की वर रस्त्यावर. खडपांना वळसा घालून पाण्यातून जायचा मोह टाळा. चालायला सर्वांत चांगली जागा म्हणजे नुकतंच पाणी ओसरलेला पट्टा. तिथली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही.

एरंगळला चर्चच्या आवारात नक्की थांबा. सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं हे चर्च थेट समुद्रासमोर आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे सण भरतो. मुंबईभरचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, आणि कोळी कुटुंबकबिल्यासह येतात आणि किनारा माणसांनी फुलतो. त्या दिवशी पायी प्रवास जमणार नाही, त्या दिवशी फक्त एरंगळलाच यावं आणि दिवसभर राहावं. एरवी चर्चजवळ शांतता असते. डबे उघडायला हीच जागा मला सर्वांत आवडते, अर्थात आवाराबाहेर, झाडाखाली.

पुढे दाणापाणी आणि मग अक्सा. अक्साची वाळू रुंद आणि लांबलचक, बघताच धावत पाण्यात जावंसं वाटावं अशी. जाऊ नका. इथला तळ सपाट नाही. वाळूचे बांध जागा बदलतात, मधल्या घळींतून पाणी जोरात आत ओढतं आणि पायाखालची वाळू सरकते. चांगले पोहणारेही इथे बुडाले आहेत. जीवरक्षक असतात, त्यांची शिट्टी वाजली की वाद न घालता मागे या. पाय भिजवायचे तर घोट्यापर्यंत. गटात एकानं जरी ‘थोडंसंच’ म्हटलं तरी बाकीच्यांनी त्याला अडवायचं, हे घरून निघतानाच ठरवून या.

अक्साच्या पुढचा किनारा नौदलाच्या आय.एन.एस. हमलाचा आहे. तिथे वाळूवरून जाता येत नाही, फोटोही काढायचे नाहीत. रस्त्यानं मार्वे गाठायचं. रस्ता अरुंद आहे, सुट्टीच्या दिवशी गाड्या फार. उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बेतानं, एकामागे एक चाला. कंटाळा आला तर बस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मालाड स्थानक ते मढ जाणारी २७१ क्रमांकाची बस याच रस्त्यानं जाते. कुणाचं पाऊल मुरगळलं किंवा ऊन लागलं, तर परत फिरायचा मार्गही हाच.

मार्व्याहून मनोरीची फेरीबोट. माणसं, मासळीच्या टोपल्या, स्कूटर, सगळं एकाच बोटीत. दोन-तीनपर्यंत पलीकडे पोचलात तर दिवस बरोबर जमला.

मनोरीतला मुक्काम

खोली आधी ठरवून ठेवा आणि जेवणही सकाळीच फोन करून सांगा. त्या दिवशी जी मासळी मिळेल ती खायची, पापलेटचा हट्ट धरायचा नाही. जेवण ईस्ट इंडियन घरातलं असेल तर बॉटल मसाल्याची आमटी नक्की मागा. पावसाळ्याआधी उन्हाळ्यात हा मसाला भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरतात, त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

संध्याकाळी गावात फिरा. पडव्यांची जुनी घरं, नाक्यानाक्यावर क्रूस, विहिरी. मुंबईच्या अनेक गावठाणांत १८९६ च्या प्लेगच्या साथीत असे क्रूस उभे राहिले. वाळूवर तंबू ठोकून झोपायचा बेत मात्र करू नका. पहाटे भरती आहे, हे विसरू नका.

दुसरा दिवस : मनोरी ते उत्तन

ओहोटी उशिरा आहे, त्यामुळे निवांत नऊला निघा. मनोरीच्या किनाऱ्यानं गोराईकडे. पायवाटांनी खाडीकडे डोकावलं तर तिवरांची दाट राई दिसते आणि तिच्यामागे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. खांबाच्या आधाराशिवाय उभ्या या दगडी घुमटाखाली ८,००० माणसं ध्यानाला बसू शकतात. २००९ मध्ये तो खुला झाला. वाट वाकडी करून तिथे जायचं की नाही हे गटानं ठरवावं. गेलात तर दोन तास जातील आणि उत्तन हुकेल. ज्यांना पुरे झालं असेल त्यांनी गोराई खाडीच्या फेरीबोटीनं बोरिवली गाठावी.

मुंबईची हद्द गोराईला संपते, उत्तन ठाणे जिल्ह्यात. मनोरी-गोराई-उत्तनच्या या सगळ्या भूभागाला जुनं नाव धारावी बेट. शहरातल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या बेटासाठी झगडले. गोराईहून उत्तनचा रस्ता चढउताराचा आहे. पाणी गोराईतच भरून घ्या.

उत्तन हे मोठं मच्छीमार गाव. पाखाड्यांतून किनाऱ्याकडे उतरलं की नाखव्यांच्या रंगवलेल्या होड्या, झेंडे, बर्फाच्या गाड्या, आणि पुन्हा वलांडी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ते दोन महिने आणि पुढचा पावसाळाही बरीचशी घरं या सुक्या मासळीवर काढतात.

इथे सुके बोंबील घ्या. चांगला बोंबील वाकवला की कडक लागतो, रंग पिवळट सोनेरी, पोटाशी काळपट डाग नसतो. जवळा घेणार असाल तर मूठभर हातात घेऊन वाळू लागते का बघा. मावशीशी दोन शब्द बोला, भाव एकदाच विचारा. वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग वर आणखी एक पिशवी अशा क्रमानं घट्ट बांधून घ्या, कारण उत्तनहून भाईंदर स्थानकाची बस भरलेली असते आणि पुढे लोकलही. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाचपर्यंत बसथांब्यावर उभे राहा.